आबांची बादली

नवागाम, रविवार, १२ जानेवारी १९९७

सकाळी आबा टोपली विणायला बसले, तेव्हा शेजारी बादली नव्हती. ते बघितल्यापासून कशातच लक्ष लागलं नाही.

आम्ही बुरूड. गावाकडे बांबूच्या कामट्या आधी पाण्यात भिजवायच्या, नाहीतर विणताना तडकतात. इथे कापडाच्या पार्सलांच्या प्लास्टिक पट्ट्या हाती आल्या, तर आबा त्याही बादलीत भिजवायचे. गरज नाही हे त्यांना कळत नसेल? कळत असणारच.

गेल्या रविवारी एक बाई प्रदर्शनासाठी टोपल्या बघायला आल्या. बादलीकडे बोट दाखवून त्यांनी गुजरातीत विचारलं, हे कशासाठी? मीही गुजरातीतच, हसत, म्हणाले, "जुनी सवय, दुसरं काय. प्लास्टिकला पाणी कशाला?" चार बुकं शिकलेय ना मी. बाईंनी आम्हाला गावंढळ समजू नये, एवढंच होतं मनात. आबांना गुजराती कळत नाही असं का धरून चालले मी? तीस वर्षं इथे लूम चालवलाय त्यांनी.

आज संध्याकाळी मीच बादली भरून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी उठून ते पाणी तुळशीला घातलं आणि बादली मोरीत ठेवली.

"प्लास्टिकले पानी कसाले?" म्हणाले. रागाने नाही. माझंच वाक्य, आमच्या अहिराणीत.

मग पुढची पट्टी घेताना त्यांचा हात बादलीच्या जागी गेला, आणि कोरडाच परत आला.