फोनमधली चिपेगो

मोन्झे, ९ जून

चि. मुतिंता हिस नामूंगाताईचे अ. उ. आ.

घरात फोन एकच, आणि तो तुझ्या लेकीच्या हातात. तिच्याबद्दल तिच्याच समोर काय बोलणार? म्हणून हे पत्र लिव्हिंगस्टनच्या बसवाल्याकडे देतेय.

भुईमूग निघाला, यंदा बरा आहे. लुयांदो आता चर्चच्या गाण्याच्या मंडळात पुढच्या रांगेत उभी राहते. तिचा आवाज ऐकून पास्टरची बायको डोळे पुसते. मी तिनं केलेली मक्याच्या पिठाची गाठीगाठींची न्शिमा बघून पुसते.

फोन मात्र सुटत नाही. त्यात कोणी चिपेगो नावाची मैत्रीण मिळालीय. लुसाकाची, सतरा वर्षांची, गाणाऱ्या मुली निवडते म्हणे. हिनं तिला पाहिलेलं नाही की तिचा आवाज ऐकलेला नाही. काल शेजारच्या बायकांबरोबर शेंगा सोलत होतो, तर मला विचारते, मोठी आई, एकदा हो म्हटल्यावर नंतर नाही म्हणता येतं का? मी म्हटलं, लग्नबिग्न ठरवलंस की काय? तो फोन कणगीत टाकीन बघ. बायका खूप हसल्या. ही उठून आत गेली. वयच तसलं.

माया आहेच, ती चार ओळींत उतरव.

तुझी ताई,
नामूंगा

*

लिव्हिंगस्टन, १६ जून

ती. ताईस मुतिंताचा सा. न. वि. वि.

हॉटेलच्या चादरी धुता धुता हात सोलवटलेत, पण तुझं पत्र वाचून हसले. फोन मी घेऊन दिला, तेव्हा बोलायचं ते मला बोल. एकटी पोर आहे, मैत्रीण मिळाली तर बरंच की.

परवा तिचे दोन फोन येऊन गेले. मी इस्त्रीवर होते. रविवारी बोलू म्हटलं, आणि रविवारी दुहेरी पाळी लागली. तिला सांग, आई विसरलेली नाही. थंडी वाढलीय, माझी जांभळी शाल तिला दे.

आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
मुतिंता

*

मोन्झे, १२ जुलै

चि. मुतिंता, आशीर्वाद कोणत्या तोंडानं देऊ?

तू तिला घेऊन गेलीस त्याला आठवडा झाला. बस सुटेपर्यंत तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. तुला मी अर्धंच सांगितलं होतं. उरलेलं लिहिते.

चिपेगो नव्हतीच. कोणी पुरुष होता. आधी गणवेशातले फोटो मागितले, मग नको तसला. पोरीनं एक पाठवला. मग रोज धमकी, आणखी पाठव, नाहीतर शाळेत, मंडळात वाटीन. तिनं नाही म्हटलं. पंधरा वर्षांच्या पोरीनं, एकटीनं, नाही म्हटलं गं. म्हणून त्यानं तो वाटला. मंडळातल्या सगळ्या मुलींच्या फोनवर आला. गाणं शिकवणारे तिला म्हणाले, काही दिवस येऊ नकोस.

घरी येऊन तिनं मला सगळं सांगितलं. मी फोन हिसकावून संडासाच्या खड्ड्यात टाकला आणि म्हटलं, घराण्याची अब्रू घालवलीस. दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यातल्या बाई म्हणाल्या, यात पोरीचा दोष नाही. त्याचे निरोप, त्याचा नंबर, सगळं त्या फोनमध्ये होतं, तो का टाकलात? मी लाज झाकायला गेले, मुतिंता, आणि त्या माणसाला झाकलं.

शेंगा सोलताना तिनं विचारलेल्याचं उत्तर आता मला येतं. तिला सांगशील? हो म्हटल्यावरही नाही म्हणता येतं. केव्हाही.

जमलं तर माझी म्हणत राहा.

नामूंगा

*

लिव्हिंगस्टन, २५ ऑगस्ट

ती. मोठ्या आईस लुयांदोचा सा. न.

आईनं तुझं पत्र मला वाचायला दिलं. उत्तर चारदा लिहून फाडलं, म्हणून उशीर.

नवी शाळा बरी आहे. इथं मला कोणी ओळखत नाही. तरी कोणी फोन बघून हसलं की मी उठून वर्गाबाहेर जाते. मी गात नाही. आई आता रविवारी कामावर जात नाही. चर्चमध्ये सगळे गातात तेव्हा माझ्या शेजारी तीही गप्प उभी राहते.

पोलिसांनी मंडळातल्या मुलींच्या फोनवरून त्याचा नंबर घेतला. तो अजून सापडलेला नाही.

परवा वर्गातली मलेले पाण्याच्या टाकीमागे रडत बसली होती. काही सांगेना. मी म्हटलं, सांगू नकोस, नुसता फोन दाखव. नाव वेगळं होतं, बोलणं तेच. त्यातलं काही पुसू नकोस म्हटलं आणि तिला आमच्या बाईंकडे घेऊन गेले. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, हे केव्हापासून चाललंय बाळा?

मी दाराशी उभी होते. मला तुझी फार आठवण आली आणि तुझा फार राग आला. दोन्ही एकदम.

डिसेंबरच्या सुट्टीत मी येणार नाही. तू पत्र मात्र लिहीत जा.

लुयांदो