परकी किल्ली

बनशंकरी, मंगळवार, दिवेलागण

आमची नात मेघना आज घरूनच काम करत होती. मी शेजारी अवरेकाळूच्या शेंगा सोलत बसले होते. तिचं काम शाळांच्या सॉफ्टवेअरचं. प्रत्येक मुलाच्या नोंदीत त्याच्या आईचा नंबर ठेवायचा, म्हणजे कोण कुणाचं ते कळतं. त्या नंबराला म्हणे फॉरिन की म्हणतात. फॉरिन म्हणजे परकी ना? आईचा नंबर लेकरापाशी, आणि ती परकी किल्ली. काय एकेक शहाणे.

तर झालं असं, शाळेतून आयांना एकाच मुलाचा निरोप जायचा, बाकीची भावंडं गायब. तिचा साहेब, पुण्याहून आलेला, कॉलवर सगळ्यांदेखत म्हणाला, "मेघना, ही तुझीच चूक." पोरीचं तोंड एवढंसं झालं. मग तिनं स्वल्प शोधलं, तर आई-मुलांची जोडणी साहेबानंच केलेली. एका आईला एकच मूल, दुसरं आलं की पहिलं पुसायचं. घरी एकुलता एक असेल मेला, दुसरं काय.

ही शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या अक्काला पाच मुलं. तुमच्या जोडणीत शेवटचं तेवढं उरतं."

अक्का म्हणजे मी.

"सरी, सरी," म्हणाला साहेब, म्हणजे बरोबर, बरोबर. कन्नड तेवढंच येतं त्याला.

मला अजून हसू येतंय. उरला असता तो आमचा धाकटा. मेघनाचा बाप माझा थोरला, सगळ्यांत आधी तोच पुसला गेला असता. मग ही पोर कुठली, आणि परक्या किल्लीवाल्या साहेबाची चूक काढली असती कुणी?