झग्याची ओली कड

शनिवार, संध्याकाळ. फेल्डहोवन

हुश्श! आज सासूबाईंना आणि मीराला म्युझियममध्ये नेलं. मीराला दत्तक घेतल्यावर त्या पहिल्यांदाच पुण्याहून आल्यात. तीन आठवडे तिच्याशी गोडच बोलतायत, पण मनात काय आहे? कळू देतील तर शपथ!

एका जलरंगातल्या चित्रापुढे थांबलो. बायबलमधली गोष्ट. नदीत सोडलेला तान्हा मोझेस आणि त्याला टोपलीतून उचलणारी राजकन्या. तिच्या झग्याची कड ओली झालेली. देवाचं चित्र म्हणून सासूबाईंनी चक्क बूट काढले! गार्ड आला, मी ओशाळले, तो नुसता हसला.

"हा तर आपला कर्णच," म्हणत त्यांनी मीराला गोष्ट सांगितली.

"आजी, मग खरी आई कुठली?"

कशाला आणलं मी यांना इथे?

सासूबाईंनी लांबूनच त्या ओल्या कडेकडे बोट दाखवलं. "ही बघ, हिचे कपडे भिजलेत ना? हीच."

ती कड अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

मग बूट घालताना तोल जाऊ नये म्हणून त्यांनी मीराचा खांदा धरला. मी शेजारीच उभी होते, तरी तिचाच.