पाहुणे अजून घरीच आहेत

मिझुसे,
ता. १० जुलै १९८१

चि. सौ. फुसाए हीस,
अ. उ. आ. वि. वि.

इकडील सर्व कुशल आहे असे लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. तुझी सुकी मासळी पोचली. माझ्याआधी शेजारच्या मांजराला कळले. समुद्राकाठी राहून तू वहिनीला विसरली नाहीस, एवढे मासळीवरून समजले. पत्रावरून समजायला पत्र यायला हवे.

आता खरी बातमी. नदीकाठची आपली मोटारशर्यतीच्या प्रेक्षकांची पायऱ्यांची बैठक तोडणार आहेत. बांध उंच करायचा आहे. नदी खात्याचा कुसाकाबे नावाचा तरुण इंजिनियर आपल्या गॅरेजमध्ये येऊन सांगून गेला. मुलगा वाईट नाही. बूट बाहेर काढून आत आला. पण म्हणाला की ते बेवारस काँक्रीट आहे, कागदावर त्याला कोणी मालक नाही. मी म्हटले, त्या पायऱ्यांची खडी मी स्वतः पाठीवरून वाहिली आहे, गावातल्या निम्म्या बायांनी वाहिली आहे. त्याने विचारले, आजी, काही पुरावा? मी म्हटले, खांद्यावरचा वळ आहे, दाखवू का. तो लाजला आणि चहा न पिताच गेला.

मग मी वाचनालयात जाऊन गावाचा इतिहास काढला. जाडजूड पुस्तक आहे. शाळा मला चारच वर्षे मिळाली. पुढचे वाचन मी सुट्या भागांभोवती गुंडाळून येणाऱ्या जुन्या वर्तमानपत्रांवर शिकले, त्यामुळे छापलेले सगळे खरे असते असे मला बरीच वर्षे वाटत होते. त्या पुस्तकात आपल्या शर्यतींबद्दल एकच ओळ आहे : नदीकाठी काही काळ मोटारींचे खेळ होत. खेळ म्हणे. आगगाडी भरभरून माणसे यायची, तोफूवाल्या हेइसुकेचा बाप दुपारपर्यंत सगळा माल विकून बसायचा. त्यातले काही नाही. तुझ्या थोरल्या दादाचे, एइकिचीभावजींचे, नावसुद्धा नाही.

मी कुसाकाबेला नाही म्हणून सांगितले आहे. बांध हवा, पण तो पायऱ्यांवरून नको. तुझे यजमान अशीच कामे करत निवृत्त झाले, त्यांना विचार आणि कळव.

जावईबापूंना नमस्कार. लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी वहिनी,
किनुए


नीगाता,
ता. १८ जुलै १९८१

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून मी दोन दिवस ठेवून दिले. आज लिहिते आहे ते स्पष्टच लिहिते. वहिनी, तोडू देत.

तू खडी वाहिलीस. मी त्या पायऱ्यांवर बसले होते. चौथ्या पायरीवर, मांडीवर दोघा दादांच्या जेवणाचा डबा. थोरला दादा चालवत होता आणि शिगेहारूदादा, तुझे यजमान, बाजूच्या मेकॅनिकच्या जागेवर बसून हातपंपाने पेट्रोल देत होता. वळणावर गाडी कलंडली. धूळ खाली बसली तेव्हा शिगेहारूदादा उभा होता आणि थोरला दादा नव्हता. मी डबा घेऊन घरी आले. पंचेचाळीस वर्षे झाली, मी माहेरी येते ती मागच्या रस्त्याने. हे तुला माहीत आहे.

इतिहासाच्या पुस्तकात एक ओळ आहे ती मला पुरे आहे. मला तर तीही जास्त वाटते.

आमचे हे म्हणतात की बांध झालाच पाहिजे, मागच्या मोठ्या पुरात गावाचे काय झाले ते वहिनी विसरल्या वाटते. आणि दादांची ती शर्यतीची गाडी, तू इतकी वर्षे गॅरेजमध्ये जपलेली, जुन्या गाड्या जमवणाऱ्या त्या तोक्योच्या संग्राहकाला देऊन टाक. तो येऊन तीनदा चहा पिऊन गेला असे तूच मागे लिहिले होतेस. एवढ्या चहात लग्ने ठरतात. गॅरेज बंद कर आणि इकडे ये. खोली रिकामी आहे. सहासष्टाव्या वर्षी कमरेला तेलकट फडके खोचून हिंडणारी भावजय आमच्या गल्लीत कोणाला नाही, मिरवीन मी.

राग आला तर पत्रातच काढ, मनात ठेवू नकोस. कृपा आहेच, ती असू द्यावी.

तुझी नणंद,
फुसाए


मिझुसे,
ता. २९ जुलै १९८१

चि. सौ. फुसाए हीस,
अ. उ. आ.

राग आला. पत्रात काढते.

गाडी मी देणार नाही. त्या संग्राहकाने उजव्या बाजूच्या पोच्यावर हात फिरवला आणि म्हणाला की हे सरळ करून घेऊ, रंग असा देऊ की तोंड दिसेल. तो पोचा म्हणजे एइकिचीभावजींचा शेवटचा दिवस आहे. ह्यांनी सगळे इंजिन तीनदा उघडून लावले, पण त्या पत्र्याला हातोडा लावला नाही. लढाईत लोखंड गोळा करायला माणसे आली तेव्हा मी ही गाडी रेशीमकिड्यांच्या माळ्याखाली तुतीच्या पाल्यात पुरली होती. देश लढतोय आणि तुम्हाला शर्यतीची गाडी लागते का, असे तोंडावर ऐकून घेतले. तेव्हा दिली नाही, ती आता तोंड बघायला देऊ?

तुला ती जागा नको आहे, ते मी समजते. पण पायऱ्या गेल्या की तुझा भाऊ कुठे गेला असे कोणी विचारले तर बोट कुठे दाखवशील? गवताकडे? हौसेने गाड्या बांधणारी, जिंकणारी, मरणारी माणसे याच गावात होती. पुस्तकाने त्यांचे खेळ केले, खाते त्यांचे बेवारस काँक्रीट करते आहे. घरच्या माणसाने तरी तोडू देत म्हणू नये.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही, कारण ह्यांनी बजावले होते. दरवर्षी बोनच्या, पितरांच्या सणाच्या, पहिल्या संध्याकाळी, गेलेली माणसे घरी आणायला सगळे कंदील घेऊन स्मशानात जातात, तेव्हा हे आधी एकटे पायऱ्यांवर जात. म्हणत, दादा तिथून निघाला, तिथेच वाट बघत असणार. तिथे वाट दाखवायला सुक्या काड्या पेटवून, कंदील लावून त्याला घेऊन येत. तू विचारायचीस की शिगेहारूदादाला उशीर का, आणि मी सांगायची की गावच्या स्नानगृहात गर्दी असेल. म्हणून आपल्या घरी बोनला थोरला दादा नेहमी उशिरा येई.

तोडायचे काम बोन संपले की दुसऱ्याच दिवशी सुरू होणार आहे. हे गेल्यापासून ते राहून गेले होते, यंदा आणायला मी जाते आहे. दोघांनाही. आणि गाडी घेऊन जाते आहे.

माझ्या बोलण्याने डोळ्यांत पाणी आले असेल तर ते माझ्या नावावर लिही, मायेवर नको.

तुझी वहिनी,
किनुए


मिझुसे,
ता. १९ ऑगस्ट १९८१

चि. सौ. फुसाए हीस,
अ. उ. आ.

तुझे उत्तर नाही, तरी लिहिते, कारण हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळले तर मला चालणार नाही.

तेरा तारखेला संध्याकाळी हेइसुकेने हँडल मारले. तिसऱ्या फेऱ्याला गाडी सुरू झाली. बांधावरून मी पायऱ्यांपर्यंत गेले, तर मागे बघते तो आपापले कंदील घेऊन माणसे. कोणाचा काका तिकिटे फाडायचा, कोणाची आई भाताचे गोळे विकायची. सगळ्यांनी तिथेच काड्या पेटवल्या. मी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा केला होता, लवकर यावेत म्हणून. हेइसुके म्हणाला की ताई, ह्या घरच्यांना घोडा कसला, काकडीला चाकेच लावायची. कंदील शेजारच्या जागेवर ठेवून दोघांना घरी आणले.

सोळाला निरोप द्यायचा असतो. जिथून आणले तिथेच नेऊन पुन्हा काड्या पेटवायच्या. मी गेले नाही. वांग्याची गाय केली, सावकाश परत जावेत म्हणून करतात तशी, आणि देवघरातच ठेवली.

सतराला सकाळी यंत्र आले. मुकादम ओनिकी, भक्कम माणूस, पायऱ्यांवरची राख बघून थबकला. मला विचारले की ताई, यांचा निरोप झाला ना? मी म्हटले, नाही, पाहुणे अजून घरीच आहेत. कधी जाणार विचारले. म्हटले, त्यांनी सांगितले नाही. त्याने शिरस्त्राण काढून काखेत धरले आणि यंत्र बंद करायला लावले. माणसे घरात आणि मी त्यांची परतीची वाट तोडू, असे माझ्याने होणार नाही म्हणाला.

कुसाकाबे धावत आला. हे कुठल्या नियमात बसते विचारू लागला. ओनिकी म्हणाला की साहेब, बसत नसेलच, किल्ली ही घ्या, तुम्ही चालवा. तो खरेच वर चढून बसला. बराच वेळ बसला. मग उतरून मला हळूच म्हणाला की माझी आजी अजून आहे, तिला काय सांगू.

यंत्र उभे आहे. मी रोज जाऊन बघून येते. लिही ग.

तुझी वाट पाहणारी,
किनुए


नीगाता,
ता. २ सप्टेंबर १९८१

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

यंत्रावर बसलेला इंजिनियर वाचून मी इतकी हसले की आमचे हे बघायला आले. नंतर स्नानगृहाचे आठवले आणि रडले. इतकी वर्षे मी शिगेहारूदादाला स्नानगृहातल्या गर्दीवरून बोलले, आणि तो बिचारा हसून ऐकून घ्यायचा.

पण वहिनी, आता मी विचारते ते तू ऐक. सगळ्या गावाची माणसे परत गेली. आपलीच दोघे अडकून आहेत. आईने हे एक दिवससुद्धा चालू दिले नसते. पायऱ्यांसाठी थांबवले आहेस म्हणतेस. मला वाटते, निम्मे पायऱ्यांसाठी. शिगेहारूदादा जाऊन तीन वर्षे झाली, आणि तू त्याचा चहाचा पेला अजून रोज मांडतेस हे मला हेइसुकेच्या बायकोने लिहिले आहे.

दुसरे. आमच्या ह्यांनी सोबतचा नकाशा काढला आहे. बांध गावाच्या बाजूला सरकवला तर पूरही अडतो आणि पायऱ्याही राहतात. पण त्या रेषेत काय येते ते तूच बघ. हे म्हणाले की वहिनींना पाठवू नकोस, त्या होय म्हणतील. म्हणूनच पाठवते.

बोलले ते जास्त झाले असेल तर धाकटी म्हणून पोटात घाल.

तुझी,
फुसाए


मिझुसे,
ता. २० सप्टेंबर १९८१

चि. सौ. फुसाए हीस,
अ. उ. आ.

सरळ विचारलेस, सरळ सांगते. होय. गेला महिना मी पेला मांडताना एकटी नव्हते. गेली तीन वर्षे कोणी आजी म्हणते, कोणी ताई; या महिन्यात मला कोणाची तरी बायको असल्यासारखे वाटले. खात्याला अडवायला सुरुवात केली आणि मलाही थांबायचे कळेना. तू म्हटले नसतेस तर दुसरे कोणी म्हणू धजले नसते.

नकाशा पाहिला. रेषा गॅरेजवरून जाते, माझ्या खोलीवरून जाते. मी तो कुसाकाबेपुढे ठेवला. त्याने स्वतः फीत धरून मोजले, दोन दिवस खात्यात भांडला आणि होकार घेऊन आला. मी विचारले की दारातले जर्दाळूचे झाड वाचते का, पुन्हा मोज. त्याने पुन्हा मोजले. नाही वाचत.

जागा दिली. अटी दोन घातल्या. पायऱ्यांना कोणी हात लावायचा नाही. आणि गावाच्या इतिहासातली ती ओळ काढून तिथे पाने घालायची : शर्यतींची, गाडी बांधणाऱ्यांची, खडी वाहणाऱ्यांची, एइकिचीभावजींची. लिहिणार कोण, असे गावच्या कचेरीतल्यांनी विचारले. मी म्हटले, मी सांगेन आणि वाचून बघेन, खेळ हा शब्द आला तर पान परत पाठवीन.

गाडी देवळाच्या उत्सवरथाच्या छपरात राहील, रथाला शेजार होईल. मी हेइसुकेच्या मागच्या खोलीत. तुझी खोली रिकामीच ठेव, थंडीत पाहुणी येईन, राहायला नाही.

आता निरोप द्यायचा आहे. चार ऑक्टोबरला, संध्याकाळी. वांगी अजून मिळतात. मला हे एकटीने करायचे नाही. पुढच्या रस्त्याने येशील का?

येच. बाकी लोभ समोर बसून करू.

तुझी,
किनुए


नीगाता,
ता. १० ऑक्टोबर १९८१

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. केसांना अजून तेलाचा वास आहे. हे म्हणतात धुऊ नकोस, तुला शोभतो.

तिथे सांगायचे राहिले, ते इथून लिहिते. मेकॅनिकच्या जागेवर बसले, पण हात कुठे ठेवावेत ते मला कळेना. तू वांग्याची गाय माझ्या मांडीवर ठेवलीस आणि घट्ट धर म्हणालीस. त्या दिवशी डबा होता, तिथे. मग माझ्याने धरवले.

चौथ्या पायरीवर बसले तेव्हा ती गार होती आणि मुलांनी तिच्यावर खडूने काहीतरी काढून ठेवले होते. मला वाटले होते तशी ती जागा मुळीच नव्हती. काड्या विझेपर्यंत बसवले मला.

पण मला सारखे आठवते ते आधीचे. गॅरेजपासून पायऱ्यांपर्यंत रस्ता तो केवढासा. तू गाडी पहिल्या गिअरच्या वर नेलीच नाहीस. कंदीलवाले चालत आपल्या पुढे गेले. ओनिकी पुढे गेला, कुसाकाबे आजीचा हात धरून पुढे गेला. हेइसुके तोफूच्या सायकलवरून घंटी वाजवत गेला आणि ओरडला की किनुएताई, शिगेहारूची बायको ना तुम्ही, तोफूने हरवले तुम्हाला. आणि तू समोर बघत, त्याला ऐकूही जाणार नाही अशा आवाजात म्हणालीस, जा बाबा पुढे, आज आम्हाला हरायचे आहे.

पुढच्या बोनला मी येते आहे. हँडल मी मारीन. माया आहे तशीच राहू दे.

तुझी नणंद,
फुसाए