शंका असेल तर आत

ती. बाबा,
तुमच्या दमलेल्या लेकीचा नमस्कार.

मी बरी आहे, वेळेवर जेवते. गुडघा खरचटलाय, पण आईला सांगू नका. तिचा खोकला थांबला का?

शेजारच्या गावच्या शाळेशी टेनिसमध्ये तीन-तीन बरोबरी झाली आणि शेवटचा सामना माझ्यावर आला. आमच्यात पंच नसतो. आपल्या बाजूला पडलेला चेंडू आत की बाहेर, ते आपणच सांगायचं. शेवटचा चेंडू रेषेपाशी पडला. मला नीट दिसलाच नाही. तुम्ही शिकवलंत तसं मी "आत" म्हटलं, आणि आम्ही हरलो.

बसमध्ये कुणी माझ्याशी बोललं नाही. सर एवढंच म्हणाले, "चष्मा लागलाय का बघ."

बाबा, पुढच्या वेळी मला शंकाच येणार नाही, याची भीती वाटते.

तुमची,
धाकटी