आईच्या कोनाड्याचा फॉर्म

पूनम सागर, मीरा रोड
२० जानेवारी २०२५

ती. ताईस,

प्रभूच्या नावात दशरथचा सलाम. वि. वि.

पत्रास कारण की दफनभूमीच्या कमिटीची नोटीस आली आहे. आईला जाऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. इथे जागेची किती मारामार आहे ते तू जाणतेस. कबर कायमची मिळत नाही. तीन वर्षांनी उघडतात आणि तिथे दुसऱ्याला ठेवतात. अस्थी भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायच्या असतील तर सोबतचा फॉर्म २९ मार्चच्या आत द्यायचा. दफनाच्या वेळी आपली दोघांची नावं लिहिली होती, म्हणून सह्या दोघांच्या हव्यात, त्याही शाईच्या. कोनाड्याच्या नामफलकावरचा मजकूरसुद्धा दोघांना मान्य असलेला हवा. फॉर्म गेला नाही तर अस्थी मागच्या सामाईक खड्ड्यात टाकतात.

मी सही करणार नाही, हे आधीच सांगतो. काशीमीऱ्याला टायरच्या गोदामावरच्या हॉलमध्ये आमची प्रार्थनासभा भरते. तिथे ब्रदर महिपतांनी बारा फुटांचा तक्ता लावून सगळं उलगडून दाखवलं आहे. आधी प्रभू येणार, त्याच्यावर विश्वास ठेवून मेलेले कबरींतून उठणार, आणि मग याच पृथ्वीवर त्याचं हजार वर्षं राज्य. मोजून हजार. दिवस फार जवळ आलेत ताई, तू बातम्या बघतेसच. अशा वेळी आईची कबर आपणच फावड्यानं उकरायची? माझ्यानं होणार नाही.

फॉर्म फक्त तुझ्या माहितीसाठी पाठवला आहे. गुडघ्यांना तेल लावत जा. सूनबाई स्वप्नाली तुझी आठवण काढते.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
दशरथ

•

श्रीरामपूर
२९ जानेवारी २०२५

चि. दशरथ यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. तुझं पत्र वाचलं आणि रक्तदाबाची गोळी वेळेआधी घ्यावी लागली. तीन वेळा फोन केला, तीनही वेळा तू प्रार्थनेत आहेस असं सांगून ठेवलंस. घरच्या ग्रुपमधूनही तू बाहेर पडलास. तेव्हा आता टपालानंच भांडू या. तू पोस्टातून रिटायर झालेला माणूस, तुला तेच सोयीचं.

अरे, समुद्रात बुडालेले कुठून उठणार? जळून गेलेले? मिशन हॉस्पिटलात मी मेट्रन होते, मेलेली माणसं तुझ्या त्या ब्रदरपेक्षा जास्त पाहिली आहेत. ज्यानं मातीतून माणूस घडवला त्याला कोनाड्यातून माणूस उठवता येणार नाही होय? आणि मोजून हजार कसले? स्तोत्रात हजार डोंगरांवरची गुरं देवाची म्हटली आहेत. मग एक हजार एकाव्या डोंगरावरची कुणाची, तुझ्या महिपतांची? हजार म्हणजे पुष्कळ, एवढाच त्याचा अर्थ. ख्रिस्ताचं राज्य आजच चालू आहे आणि आई आज त्यात आहे. वडिलांनी आपल्याला हेच शिकवलं.

ते राहू दे. आई बायबलबाई होती. राहुरी-नेवाशाच्या वस्त्या तिनं पायी तुडवल्या, बायाबापड्यांना बायबलातल्या गोष्टी सांगितल्या, लोकांच्या ओसरीवर झोपली. आयुष्यात तिच्या नावाची पाटी कुठल्याच दारावर लागली नाही. निदान त्या कोनाड्यावर तरी ‘गोदूबाई’ हे नाव दिसू दे. तिला खड्ड्यात जाऊ देऊ नकोस.

मी सही केली आहे. तूही कर आणि नेऊन दे. उगाच फाटे फोडू नकोस.

लोभ करतोस, तसं थोडं ऐकतही जा.

तुझी,
सुचेताताई

•

पूनम सागर, मीरा रोड
१७ फेब्रुवारी २०२५

ती. ताईस,

प्रभूच्या नावात सलाम. उशीर झाला, कारण तुझं पत्र मी सभेत वाचून दाखवलं. तुझे मुद्दे चुकीचे असले तरी जोरदार होते. ब्रदर महिपतांनी त्यावर दोन रविवार घेतले. एक हजार एकाव्या डोंगराला लोक हसले, हे मात्र कबूल करतो.

पण ताई, तू सगळ्याचाच अर्थ ‘पुष्कळ’ लावायला लागलीस तर उरतं काय? उद्या म्हणशील, उठणं म्हणजेही उठणं नव्हे. आई गेली त्या आठवड्यात मी तिच्याजवळ होतो, तू नव्हतीस. तुझे गुडघे मला माहीत आहेत, टोमणा मारत नाही. तिला एकटं राहवायचं नाही. दुपारी घरात कुणी नसलं की दार सताड उघडं टाकून जिन्यात बसायची आणि शेजारच्या गुजराती बेनशी मोडक्या हिंदीत बोलत राहायची. शेवटी माझा शर्ट मुठीत धरून म्हणाली होती की मला एकटीला ठेवू नका. तिला मी सांगितलं, आपण सगळे पुन्हा भेटू, इथेच, याच डोळ्यांनी. ते मी ‘पुष्कळ’ म्हणून सांगितलं नव्हतं.

तरी तुझ्या शब्दाखातर सही करतो. फलकाच्या रकान्यात मी लिहिलं आहे : ‘प्रभूच्या हजार वर्षांच्या राज्याची वाट पाहत विसावली.’ त्याखाली तुझी छोटी सही लागेल. तेवढी करून परत पाठव.

माया राहू दे.

दशरथ

•

श्रीरामपूर
२५ फेब्रुवारी २०२५

चि. दशरथ,

आशीर्वाद. माझं घरगुती पत्र तू टायरच्या गोदामावर वाचून दाखवलंस! उद्या माझी औषधाची चिठ्ठीही वाच, त्यावरही दोन रविवार निघतील. मला इतका संताप आला की मी दिवसभर भाकरी थापली नाही.

आणि हा मजकूर! आई वाट कशाला पाहील? ती काय डेपोत उभी आहे? मी तुझी ओळ खोडली आहे आणि खाली लिहिलं आहे : ‘ख्रिस्ताबरोबर राज्य करीत आहे.’ यात आईचा मान आहे. तुझ्या ओळीत तुझ्या तक्त्याचा मान आहे. आपला तो बाब्या, हे मला माहीत आहे. पण या वेळी माझाच बाब्या बरोबर आहे.

तू जवळ होतास आणि मी नव्हते, हे तू तीन वर्षं बोलला नव्हतास. आता बोललास. ठीक आहे.

फॉर्म नेऊन दे. मुदत कुणासाठी थांबत नाही.

सुचेताताई

•

पूनम सागर, मीरा रोड
१५ मार्च २०२५

ती. ताईस,

सलाम. खोडलेला फॉर्म चालत नाही, असं कमिटीच्या क्लार्कनं सांगितलं. उपवासकाळाच्या सभांमुळे मलाही जायला उशीर झाला. त्यानं फॉर्म उजेडाकडे धरून पाहिला आणि विचारलं की तुम्ही भाऊबहीण कोर्टात आहात का. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा कोरा फॉर्म पाठवतो आहे. माझी सही केली आहे. मजकूर मी पुन्हा माझाच लिहिला आहे, कारण मला त्यात काही चूक दिसत नाही. तुला दिसत असेल तर शास्त्रातून दाखव, मेट्रन असण्यातून नको. आणि आईला काय वाटत होतं हे तुला खात्रीनं माहीत असेल तर तेही दाखव. तिच्या रोजनिशा तुझ्याकडेच आहेत.

दशरथ

(याच पाकिटात)

आत्यांस सप्रेम सलाम. बाबांना न सांगता ही चिठ्ठी टाकतेय. पाकीट डकवायला माझ्याकडे दिलं म्हणून जमलं. आत्या, चौदा दिवस राहिलेत. फॉर्मवर व्हाइटनर लावून नुसतं आजींचं नाव आणि साल लिहिलं तर नाही का चालणार, असं मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, नुसतं नाव तर कुणाच्याही फलकावर असतं. रोज सकाळी कॅलेंडरसमोर उभे राहतात, पण हट्ट सोडत नाहीत. तुम्ही मोठ्या आहात. तुम्ही तरी सोडा ना. आजींना मी न्हाऊ घालायचे, म्हणून एवढं बोलले. राग नसावा.

तुमची, स्वप्नाली

•

श्रीरामपूर
२८ मार्च २०२५

चि. दशरथ,

आशीर्वाद. फॉर्म एकोणीस तारखेलाच मिळाला होता. आज पाठवते आहे. तू म्हणालास म्हणून आईच्या रोजनिशा ट्रंकेतून काढल्या. मिशनला दाखवण्यासाठी बायबलबायांना रोजचं रोज लिहावं लागे : कोणतं गाव, कुणाच्या घरी मुक्काम, किती बाया जमल्या. एकतीस वह्या. पहिल्या पानापासून वाचत बसले. हजार वर्षांबद्दल आपल्या कामाचं काही मिळालं नाही.

तुझी ओळ मी खोडलेली नाही. नवा कोरा फॉर्म खराब होऊ नये म्हणून त्यावर कागदाची पट्टी चिकटवून नुसतं ‘गोदूबाई’ आणि साल लिहून सही केली आहे. हे हरणं नव्हे. मी दमले आहे.

पाकीट मिळाल्याबरोबर रिक्षा कर आणि नेऊन दे. एखादा दिवस पुढेमागे ते चालवून घेतील. आईसाठी एवढं कर.

सुचेताताई

•

पूनम सागर, मीरा रोड
५ एप्रिल २०२५

ती. ताईस,

सलाम. तुझं पाकीट एक तारखेला दुपारी आलं. दोन तारखेला सकाळी मी गेलो. घोडबंदर रस्त्यावर ट्रक अडकलेले, रिक्षा तासभर जागची हलेना. पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते.

आईची रांग सकाळी सातलाच उघडली होती.

राखणदार ईश्वर तिथे होता. रत्नागिरीकडचा, हिंदू आहे, पण वीस वर्षं आपल्याच लोकांना माती देतो. मी फॉर्म पुढे केला. त्यानं तो हातातही घेतला नाही. म्हणाला की साहेब, शनिवारी संध्याकाळी गेट लावायच्या आधी मी तुमची वाट बघितली, तुम्ही लांब राहात नाही म्हणून. सोमवारीसुद्धा बघितली. इतके दिवस कुठे होतात, असं त्यानं विचारलं. मी काय सांगू? हजार वर्षांची चर्चा चालली होती, असं सांगू?

आईला सामाईक खड्ड्यात घातलं आहे. त्या रांगेत ज्यांचं कुणी आलं नाही, त्या सगळ्यांबरोबर. आता वेगळं काढता येत नाही. त्यानं सगळ्यांना पांढऱ्या कापडात ठेवलं आणि वर पाणी शिंपडलं, तेवढं मला सांगितलं. मी जन्मभर दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचवली. बैल गेला आणि आता मी फॉर्म घेऊन झोपा करायला आलो.

ब्रदर महिपतांना सांगितलं. ते म्हणाले की प्रभू सगळ्यांना ओळखतो, कुठेही असले तरी. मग दोन महिने मी काय करत होतो, ताई? हेच तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. मला तुझा राग येतो आहे, कारण तूही नऊ दिवस फॉर्म धरून बसलीस. आणि माझाही येतो आहे, तो जास्त आहे. तिनं एकच मागितलं होतं, की एकटीला ठेवू नका. मी तिला तिऱ्हाइतांच्या ढिगात टाकलं.

मी अजूनही मोजून हजारच मानतो. पण या वेळी तू काही लिहू नकोस. नुसती ये.

दशरथ

•

श्रीरामपूर
१० एप्रिल २०२५

चि. दशरथ,

खूप खूप आशीर्वाद. मी रडले, मग तुझ्यावर चिडले, मग ट्रंक उघडली.

तुला एक खोटं सांगितलं होतं. मिळालं नाही म्हटलं, ते मिळालं होतं. चौदाव्या वहीत, वांबोरीच्या मुक्कामात. फॉर्म धरून बसले ते त्याच्यामुळेच. ती ओळ तुझ्या बाजूची नव्हती आणि माझ्याही बाजूची नव्हती, म्हणून आणखी पुढे शोधत राहिले. वाटलं, कुठेतरी माझ्या बाजूचं सापडेल. तुझ्या तक्त्याला मी हसले, आणि माझाही तक्ताच होता, फक्त भिंतीवर लावलेला नव्हता.

आईनं लिहिलं आहे : ‘रात्री अकरा बाया जमल्या. एकीनं विचारलं, हजार वर्षं म्हणजे किती. म्हटलं, बाई, मला मोजता येत नाही. पण एकटीनं काढायची नाहीत, एवढं ठाऊक आहे.’

गुडघ्यांना पट्टे बांधून शनिवारी निघते. एसटीनं येईन, स्वप्नालीला ठाण्याला पाठव. वीस तारखेला ईस्टर. पुनरुत्थानदिनाच्या पहाटेची उपासना दफनभूमीत असते, तिला आपण दोघं जाऊ. तोवर एक काम कर. ईश्वरकडे वही असेल. त्या रांगेतून आईबरोबर कोण कोण गेलं, सगळ्यांची नावं उतरवून आण. एकही गाळू नकोस. पहाटे आईच्या नावाबरोबर तीही वाचू. जन्मभर ती लोकांच्या घरी राहिली आणि रोज रात्री वहीत घरधनिणीचं नाव लिहीत गेली. आता तिला लिहिता येत नाही, तर आपण लिहू.

भेटीनंतर हवं तेवढं भांडू. माया होती तेवढीच आहे, मोजून.

तुझी,
ताई