नवस तुझा, पारड्यात मी

माझ्या भांडकुदळ पुष्पास,

काल तुझा नवस फेडला. पारड्यात मी बसलो. हो, मीच! तोंडाला पदर लावून हसू नकोस. आधी सगळं ऐक.

ही बातमी सांगायला मी सकाळपासून घरभर फिरतोय. आपली लेक वैशाली नातीला घेऊन यवतमाळला तिच्या घरी गेली. शेजारी सगळ्यांना आधीच कळलंय. आणि जिला सगळ्यात आधी सांगायचं ती तू, तूच नाहीस. म्हणून दुकान उघडायचं सोडून लिहायला बसलो. मेलेल्या माणसापर्यंत पत्र पोचतं, याचा पुरावा मला अजून कुणी दिलेला नाही. पण पोटात इतकी मोठी गंमत घेऊन माणूस किती वेळ गप्प बसेल, तूच सांग!

लिहायला बसलं की माझी भाषा शाळेतली होते, हे तुला माहीत आहे. बोलणी मात्र जशी झाली तशीच लिहितो.

आपलं भांडण लग्नाच्या पहिल्या दसऱ्याला सुरू झालं, आठवतं? मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस. दारव्ह्याच्या बाजारातले किराण्याचे, धान्याचे, सोनाराचे काटे माझ्या हाताखालून गेलेले. जे डोळ्याला दिसतं, बोटाला लागतं, तेवढंच खरं मानायची मला सवय. आणि तू आलीस ती दुकानातल्या सगळ्या काट्यांना हळदकुंकू लावायला! मी ओरडलो, "अवं, सांध्यात जाते ते! काटा जाम होते!" तू म्हणालीस, "मंग पुसा. तेवढाच तुमचा हात लागते देवाच्या कामाले."

त्या दिवसापासून आपण भांडलो ते भांडलोच. चहा पिताना भांडलो, वाळवणं घालताना भांडलो. देव आहे की नाही यावर इतकं भांडणारं जोडपं अख्ख्या दारव्ह्यात दुसरं नसेल. लोकांच्या घरात सासूवरून भांडणं व्हायची, आपल्या घरात देवावरून. आणि खरं सांगू? मला ती भांडणं फार आवडायची. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू जिंकल्यासारखं हसली असतीस.

मग माझ्या डोक्यात रक्ताची गाठ झाली. नागपूरला ऑपरेशन झालं. शुद्धीवर आलो तेव्हा तू उशाशी होतीस, आणि तुझं पहिलं वाक्य काय होतं? "कसं वाटते?" नाही! तू म्हणालीस, "मी माता मायले बोललो आहो. माया मालक घरी आला, त तुया दारात त्याच्या वजनाएवढ्या गुळानं त्याची तुला करतो."

मी डोक्याला पट्टी बांधलेल्या अवस्थेत भांडायला लागलो. "मले डॉक्टरनं वाचवलं!"

"डॉक्टरच्या हाताले यश कोणं देल्लं?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. मी त्यांनाच विचारलं, "सांगा मॅडम, तुम्ही वाचवलं की हिच्या देवीनं?" त्या बिचाऱ्या हसून म्हणाल्या, "काका, मला तुमच्या भांडणात पाडू नका. तुमचा रक्तदाब वाढतोय." आणि तू त्यांना पाणी दिलंस, जणू त्यांनी तुझ्याच बाजूनं निकाल दिला होता!

घरी आल्यावर तू रोज विचारायचीस, कधी जायचं? मी रोज टाळायचो. म्हणायचो, "माया धंदा पारड्यात माल ठेवाचा आहे, माल होऊन बसाचा नाही." तू म्हणायचीस, "मायची घाई नाही. ती थांबते."

ती थांबली, पुष्पा. तूच थांबली नाहीस.

आता जे सांगतो ते मी वैशालीलाही सांगितलेलं नाही. तुझा ताप उतरेना, तुला यवतमाळच्या दवाखान्यात आत घेतलं, मला बाहेर बसवलं. त्या बाकावर बसून मी तुझ्या माता मायला हाक मारली. मी! हात जोडले नाहीत, मोठ्यानंही बोललो नाही. मनात म्हटलं, "बाई, तुझ्या दारात मी आजवर काही मागितलं नाही. हे एकदाच मागतो. हिला घरी पाठव." थोड्या वेळानं नर्स बाहेर आली आणि तिच्या चेहऱ्यावरच मला उत्तर मिळालं.

तुला वाटेल, त्यानंतर मी म्हणालो असेन, बघ, मी बरोबर होतो. नाही गं. मी तिच्यावर रागावलो. जी नाहीच असं आयुष्यभर म्हणत आलो, तिच्यावर! आता हे कसलं डोकं, सांग.

म्हणून यंदा वैशाली म्हणाली, "बाबा, आईचा नवस राह्यला, तो फेडू," तेव्हा मी भडकलो. "जिनं तुझ्या आईले नेलं तिच्यापुढं मी गूळ वाटू?" पोरगी बिचारी डोळे पुसत म्हणाली, "देवी आहे का नाही, मले बी नाही माहीत बाबा. मले फक्त आईचं काहीतरी कराचं आहे." बापाला बोलता येत नाही तेव्हा तो बाजारात निघून जातो. तसा गेलो.

मग एकदा तुझ्या माहेरी जाणं झालं, घाटंजीकडे. तुझी माय आता पार वाकली आहे, पण दर मंगळवारी काठी टेकत माता मायच्या ठाण्यावर जाते. मला बघवेना. म्हणालो, "माय, तुमची पोरगी नेली तिनं. तरी कायले जाता?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी वजनाचा उलटा हिशेब केला होता. म्हणाली, "भांडाले जातो ना बाप्पा! जाऊन म्हणतो, म्हातारी सोडली अन् पोरगी नेली, हे काय रीत आहे का तुई? लय बोलतो. सुनेपाशी बोललो त सून रडते, पोरापाशी बोललो त पोरगं उठून जाते. माता माय बसून आयकते."

"आणि उत्तर देते?"

"उत्तर तुमी तरी कुठं देता?" म्हणाली. "पण तुमच्यासंगं बी बोलतोच ना मी."

पुष्पा, तू भांडण कुणाकडून शिकलीस ते मला त्या दिवशी कळलं!

त्या रात्री मला झोप छान लागली आणि सकाळी उठून मी वैशालीला फोन केला. म्हटलं, "नवस फेडू. पण मी हात जोडाले येत नाही, भांडाले येतो. तुझ्या आजीसारखं." पलीकडे पोरगी हसत होती की रडत होती कळेना. तुमच्या घरातल्या बायांचं ते एकच.

आता अडचण आली तराजूची. माझं वजन पेलणारा तराजू हवा ना! तुझा भाऊ नामदेव म्हणाला, गावात कापूस मोजायचा जुना मोठा तराजू पडून आहे. बघितला तर दांडी वाकलेली, साखळ्या गंजलेल्या. म्हणजे मला मापणारं यंत्र मीच दुरुस्त करायचं! जीपच्या टपावर टाकून दारव्ह्याला आणला आणि आपल्या शेजारच्या रहीमभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात नेला. आम्ही दोघं दुपारभर त्याला भिडलो. मी म्हटलं, "रहीमभाई, गंमत पाहा. तुम्ही मूर्ती मानत नाही, मी देवच मानत नाही, आणि दोघं मिळून देवीसाठी तराजू नीट करून राह्यलो."

ते डोळ्यांवरचा काळा चष्मा वर करून म्हणाले, "भाऊ, मी वहिनीसाठी करून राह्यलो. माह्या पोरीच्या निकालाच्या टायमाले वहिनीनं माता मायपुढं नारळ फोडला होता. लपूनछपून. त्यायले वाटलं मले माहीत नाही."

"मग तुम्ही काही बोलले नाही?"

"कायले बोलू? पोरगी पास झाली ना!"

तर बाई, हे नारळाचं प्रकरण तू मला कधी सांगितलं नव्हतंस! आणखी कुणाकुणासाठी कुठंकुठं काय बोलून ठेवलंस? कळू तरी दे एकदा.

आणि मग काल. तराजू परत तुझ्या माहेरी नेला आणि ठाण्याजवळच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगला. सगळं गाव जमलं, जवाई पारड्यात बसणार म्हणून! मी मनात भाषण तयार करून गेलो होतो. दवाखान्याचा बाक, ती एकच हाक, सगळं तिला तोंडावर विचारणार होतो. शेंदूर फासलेल्या त्या दगडासमोर पारड्यात मांडी घालून बसलो. म्हणजे बसायला गेलो. पारडं फिरायला लागलं. माझं तोंड देवीकडे, मग लिंबाकडे, मग बायांकडे, मग पुन्हा देवीकडे. दोन्ही हातांनी साखळ्या धरून ठेवल्या होत्या. अशा अवस्थेत कुणी भांडू शकतं का!

समोरच्या पारड्यात नामदेव गुळाच्या भेल्या रचत होता. रचतोय, रचतोय, मी काही हलेना. आणलेला गूळ संपला! नामदेव कपाळाला हात लावून म्हणाला, "जवाईबुवा, डॉक्टरनं वजन कमी करा म्हणलं होतं ना तुमाले?" सगळं गाव हसलं. एक म्हातारी ओरडली, "पुष्पीनं चांगलंच खाऊ घातलं नवऱ्याले!" आणि पुष्पा, मग बाया घराघरांत पळाल्या. कुणी अर्धी भेली आणली, कुणी डब्यातला गूळ आणला, एकीनं तर कागदाच्या पुडीत चहापुरता होता तेवढा आणला. तुझं नाव घेत सगळ्या टाकत होत्या. "ही माह्या बाळंतपणाले आलती", "हिनं माह्या पोरीचं लगन जमवलं". मी पारड्यात बसून तुझ्याबद्दल इतकं ऐकलं, जे संसारात ऐकलं नव्हतं.

शेवटी दोघींनी एकदमच भेल्या टाकल्या आणि मी खालून असा वर उडालो, की माझ्या तोंडून "अबे बाप्पा!" निघालं, तेही देवीच्या समोर! तुझी माय बोळक्या तोंडानं खिदळत खाली बसली. नात मोबाइल धरून व्हिडिओ काढत होती, तिचा हात हसून हसून हलत होता. आणि मलाही हसू आलं. साधं नाही. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. तू गेल्यापासून माझ्या घशातून तो आवाज निघालाच नव्हता. हवेत लोंबकळत मी हसत होतो आणि गर्दीत तुला शोधत होतो, पाह्यलं का म्हणायला.

खोटं सांगणार नाही. अंगावर काटा आला नाही, कानात कुणी बोललं नाही, दगड दगडच दिसत होता. फक्त आनंद झाला. फार झाला. आणि भांडायचं राहूनच गेलं!

परत येताना जीपमध्ये आपली नात रेवा माझ्या मांडीला टेकून गूळ चघळत होती. तिनं विचारलं, "आबा, माता माय खरंच आहे का?" सगळी जीप माझ्याकडे बघायला लागली.

मी तिला माझं खरं तेच सांगितलं. म्हटलं, "मला तरी दिसली नाही, बेटा. मी एकदा फार मोठ्या गरजेनं बोलावली, तर आली नाही. म्हणून मी म्हणतो, नाही." पोरगी खट्टू झाली. मग मला वाटलं, हा तर एकतर्फी निकाल झाला. दुसरी बाजू मांडणारी इथं नाही, म्हणून ती मांडलीच जाऊ नये? म्हटलं, "थांब. आता तुझी आजी काय म्हणाली असती, ते सांगतो."

आणि तिला आपली ती दुपार सांगितली. तू मला विचारलं होतंस, "अजी, तुमचा काटा बरोबर आहे, हे कशावरून?" मी म्हणालो, वजनं ठेवून तपासतो. "अन् ते वजनं बरोबर आहेत, हे कशावरून?" आणखी चांगल्या वजनांशी ताडून. "अन् ते?" त्याहून वरची असतात, सरकारकडे. "अन् त्याच्या वरचे?" त्याच्या वर काही नाही, तेच मानायचं. तू म्हणाली होतीस, "म्हणजे तुमाले बी कुठं ना कुठं जाऊन मानाच लागते ना! मी जरा लवकर मानतो, एवढंच."

रेवानं विचारलं, "मग तुम्ही काय म्हणालात, आबा?"

"मी चहा मागितला."

जीप हसली. तुझं बोलताना मी तुझ्यासारखाच हात उडवत होतो म्हणे. वैशाली समोर बसून डोळे पुसत हसत होती. आणि रेवानं निकाल दिला, "मग आजीचंच बरोबर!"

बघ. तू नसताना, तुझ्या बाजूनं मीच बोललो, आणि मीच हरलो. इतका गोड पराभव माझ्या आयुष्यात झाला नाही, पुष्पा.

तुला एक वचन देतो. मला पटलं नाही ते पटलं असं मी म्हणणार नाही. तुलाही ते आवडलं नसतं. पण जो कुणी मला विचारेल, देव आहे का, त्याला माझं सांगून झालं की तुझं सांगेन, तुझ्याच शब्दांत, तुझ्याच जोरानं, काही हातचं न राखता. मी हरलो तरी चालेल. आपलं भांडण मी संपू देणार नाही.

तुझाच,
देवीदास
(नाव माझ्या आईनं ठेवलंय. त्यात माझा काही दोष नाही!)